मनाली–लेह–खारदुंगला सायकल मोहीम: नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोहिमेची तारीख जाहीर झाली की फोनवर तेच तेच प्रश्न येत राहतात. ते इथे एकत्र केले आहेत आणि भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. सगळं वाचायला वेळ नसेल, तर उंचीबद्दलचे ९ ते १५ हे प्रश्न तरी पैसे भरण्याआधी वाचा.

१. ही मोहीम नेमकी कुठून कुठे आणि किती किलोमीटरची?

मनालीहून निघायचं, रोहतांग, बारालाचा, नकीला, लाचुंगला आणि तांगलांगला या पाच खिंडी ओलांडून लेहला पोचायचं. तिथे एक दिवस आराम आणि मग लेहहून खारदुंगला चढून त्याच दिवशी परत. जुन्या रस्त्याने मनाली ते लेह साधारण ४७५ किलोमीटर आणि खारदुंगलाचे जाऊन-येऊन ८० च्या आसपास. मुक्काम ओळीने असे: मढी, सिस्सू, जिस्पा (इथे एक दिवस जास्तीचा), झिंगझिंगबार, सरचू, गाटा लूप्स या वळणांच्या घाटाचा पायथा, पांग, डेबरिंग, रुमत्से, लेह. एखाद्या दिवशी जेमतेम २५ किलोमीटर, तर रुमत्से ते लेह ८० च्या घरात. नागपूरच्या सायकलवाल्याला हे आकडे किरकोळ वाटतात. मढीच्या चढावर ते मत बदलतं.

२. 'गाइडेड' म्हणजे काय? सामान आम्हालाच वाहायचं का?

नाही. तंबू, गाद्या, स्वयंपाक, सुटे भाग आणि तुमची मोठी बॅग गाडीत असते. तुमच्या पाठीवर पाणी, खाऊ, रेनकोट आणि एक गरम कपडा, बस्स. सोबत एक मेकॅनिक, रस्त्याचा माहितगार लीडर आणि सगळ्यांच्या मागे चालणारा स्वीप. स्वीपच्या मागे कुणीही राहायचं नाही, हा एकच नियम आम्ही अगदी कडक पाळतो. बाकी प्रत्येकाने आपापल्या चालीने चालवावी. घोळका करून चढण्यात काही अर्थ नाही, दुसऱ्याच्या वेगाने चढणारा माणूस दुपारपर्यंत संपतो.

३. कोणत्या महिन्यात जाता? पोळ्याला परत येऊ का?

रस्ता साधारण मे अखेर ते जूनमध्ये उघडतो आणि ऑक्टोबरात बर्फ पडू लागलं की बंद होतो. जूनमध्ये रस्त्याकडेला बर्फाच्या भिंती असतात, फोटो छान येतात, पण वितळलेल्या पाण्याने रस्त्याचा चिखल झालेला असतो. जुलै–ऑगस्टमध्ये मनालीच्या बाजूला पाऊस. पीर पंजालची रांग ओलांडली की पाऊस झपाट्याने कमी होतो आणि लडाख तर पर्जन्यछायेतच आहे. आमची पसंती ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबरचा मध्य. म्हणजे पोळा, मारबत आणि गणपती यांपैकी काहीतरी हुकणारच. घरी आधीच सांगून ठेवा, आमच्या अनुभवात सगळ्यात जास्त नावं याच कारणाने गळतात.

४. मी रोज अंबाझरीपर्यंत जाऊन येतो, २० किलोमीटर होतात. जमेल का मला?

आज नाही, चार-पाच महिन्यांनी जमेल. कसोटी साधी आहे: सलग दोन दिवस ७०–८० किलोमीटर चालवून तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सायकलवर बसावंसं वाटलं पाहिजे. वेग आम्ही विचारत नाही. या रस्त्यावर चढाला ताशी ५–६ किलोमीटरने जाणारेही संध्याकाळी तंबूत पोचतात. रविवारी वर्धा रोडवर ३० च्या वेगाने पळणारे मात्र कधी कधी बारालाचाच्या खालीच डोकं धरून बसतात. पायात ताकद कमी पडली म्हणून परतणारे थोडेच. घाई करून परतणारे जास्त.

५. नागपुरात घाट कुठे आहे? सराव कसा करायचा?

हा प्रश्न रास्त आहे. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आणि बहुतेक सपाट. मनाली ते रोहतांग या पहिल्याच चढात साधारण १,९०० मीटर उंची गाठायची असते. शहरात सेमिनरी हिल्सचा चढ आहे, छोटा आहे, पण दहा-बारा वेळा केला की घाम काढतो. आठवड्यातून एक सकाळ त्याला द्या.

खरा सराव शहराबाहेरचा. रामटेक–खिंडसी करून परत हा शंभरेक किलोमीटरचा फेरा बैठक पक्की करायला उत्तम, शिवाय गडाचा चढ फुकटात. सावनेर–सौंसर मार्गे छिंदवाड्याकडे निघालात की सिल्लेवानी घाट लागतो. जंगलातला, वळणावळणाचा आणि दमवणारा. आणि आपल्या विदर्भाचं थंड हवेचं ठिकाण चिखलदरा: परतवाड्याहून वर जाताना सुमारे ७०० मीटर चढ होतो. एका दिवसात चिखलदरा दोनदा केलंत तरी रोहतांगची बेरीज पुरी होत नाही, यावरून अंदाज घ्या. मोहिमेआधी महिनाभर एक शनिवार–रविवार आम्ही चिखलदऱ्याला नेतो आणि ते सक्तीचं आहे. तिथे गियर कसे पडतात, बसायला कुठे दुखतं, कोण कुणाला वैतागतं, सगळं कळतं.

समोरून वारा असेल त्या दिवशी मुद्दाम बाहेर पडा. सपाट रस्त्यावर जड वाऱ्यात संथ, न थांबता दोन तास चालवणं हा चढाच्या सर्वांत जवळचा सराव आहे. विरळ हवेचा सराव मात्र नागपुरात होऊ शकत नाही, कितीही प्राणायाम केला तरी. त्यासाठी प्रश्न ९ पाहा.

६. मे महिन्यात पारा ४५ वर असताना सराव करायचा कसा?

पहाटे साडेचारला निघा, आठच्या आत घरी. नवतपाच्या दिवसांत लांबचा फेरा करूच नका, घरी ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायचा स्टँड) चालवा किंवा जिने चढा. उन्हात सराव केला म्हणजे शरीर कणखर होतं असं सांगणारे भेटतील. उष्माघाताने दवाखान्यात गेलेला माणूस पुढचे कित्येक दिवस सायकलला हात लावू शकत नाही, हे ते सांगत नाहीत.

७. सायकल कोणती हवी? माझी रोडबाइक चालेल?

रोडबाइक नको. रस्ता बराचसा डांबरी झाला असला तरी मधले तुकडे दगडगोट्यांचे, वाळूचे, पाण्याचे आहेत. एमटीबी (डोंगरी सायकल) किंवा जाड टायरची हायब्रिड घ्या. टायर दोन इंचांच्या आसपास, डिस्क ब्रेक, आणि मुख्य म्हणजे सर्वांत हलका गियर एकास एकपेक्षा कमी असायला हवा. पुढे ३२ दातांची चकती असेल, तर मागच्या कॅसेटवर किमान ४२. पुढे दोन-तीन चकत्या असतील, तर लहान चकती २२ ते २८ ची आणि मागे ३४ पुरते. महागड्या फ्रेमपेक्षा हा हिशेब महत्त्वाचा.

सोबत तुमच्या सायकलला बसणारा डिरेलरचा हँगर (गियर बदलणारा डिरेलर फ्रेमला ज्या तुकड्याने जोडलेला असतो तो) आणि ब्रेकपॅडच्या दोन जोड्या आणा. ट्यूब, चेन लिंक, केबल आमच्याकडे असतात. हँगर मात्र प्रत्येक सायकलचा वेगळा असतो आणि तो मोडला तर रोहतांगपलीकडच्या आख्ख्या लाहौलमध्ये मिळणार नाही.

८. सायकल भाड्याने मिळेल का? स्वतःची न्यायची तर रेल्वेने कशी?

मनालीत भाड्याने मिळते, पण चांगली हवी तर आधी सांगावं लागतं. तरी आपली, अंगवळणी पडलेली सायकल सर्वांत बरी, निदान सीट आणि पेडल तरी घरचे न्या. रेल्वेने नेताना नागपूर स्टेशनच्या पार्सल ऑफिसात तिकीट दाखवून ती लगेज म्हणून बुक करायची, गाडीच्या ब्रेकव्हॅनमधून जाते. पेडल काढा, हँडल वळवा, सायकलच्या दुकानातून पुठ्ठ्याचा खोका आणून त्यात बांधा, आणि मागच्या डिरेलरभोवती जुनी चादर गुंडाळा. गाडीच्या वेळेआधी निदान दोन-तीन तास पोचा. दिल्लीपर्यंत तामिळनाडू, केरळ, तेलंगणा, जीटी अशा भरपूर गाड्या आहेत. दिल्ली ते मनाली सायकली आमच्या गाडीच्या टपावर.

९. विरळ हवेचा त्रास म्हणजे नक्की काय होतं? मी तर रोज पळतो.

पळण्याचा आणि याचा संबंध नाही. पाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो, म्हणून प्रत्येक श्वासात प्राणवायूही जवळपास निम्माच मिळतो. शरीर याला सरावतं, पण सवडीने: श्वास वाढतो, लघवी वाढते, पुढे रक्तातल्या तांबड्या पेशी वाढतात. त्याला वेळ दिला नाही, तर डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं सुरू होतं. कोणाला होईल हे वयावरून किंवा तब्येतीवरून सांगता येत नाही. उलट धट्टेकट्टे तरुणच अंगावर काढतात आणि अडचणीत येतात.

डॉक्टरांचा सर्वसाधारण सल्ला असा की तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक मुक्काम जास्तीचा करावा. मनाली–लेह रस्त्यावर हे तंतोतंत पाळणं अवघड आहे. जिस्पा ३,२०० मीटरच्या आसपास आणि सरचू ४,३०० च्या जवळ. मोटारीने जाणारे ही उडी एका दिवसात मारतात आणि सरचूची रात्र आयुष्यभर लक्षात ठेवतात. आम्ही जिस्पाला दोन रात्री काढतो आणि मग झिंगझिंगबारला थांबतो. ते स्वतःच ४,२०० च्या वर आहे, म्हणजे उडी तिथेही मोठीच. पण ती बारालाचाच्या अलीकडे घेतलेली असते. त्याचं महत्त्व पुढच्या उत्तरात.

१०. त्रास झालाच तर? दवाखाना किती लांब?

एकच औषध भरवशाचं आहे, खाली उतरणं. आता नकाशा बघा. झिंगझिंगबारहून खाली जायचं तर रस्ता सरळ उताराचा आहे, दारचा, जिस्पा, केलांग. केलांगला जिल्ह्याचं रुग्णालय आहे. पण एकदा बारालाचा ओलांडून सरचूला गेलात की दोन्हीकडे खिंडी: मागे बारालाचा, पुढे नकीला आणि लाचुंगला. पांगची गत तीच, मागे लाचुंगला आणि पुढे तांगलांगला. तिथे आजारी पडलेल्या माणसाला खाली न्यायचं तर आधी पाच हजार मीटरच्या आसपास वर चढवावं लागतं. म्हणून आमचा निर्णयाचा दिवस झिंगझिंगबारचा. तिथे सकाळी ज्याचं डोकं दुखतंय, ज्याने जेवण टाकलंय, तो त्या दिवशी पुढे जात नाही. गाडीतूनही नाही. यावर वाद घालून उपयोग होत नाही.

तीन लक्षणं दिसली की वेळ न घालवता खाली: बसल्या जागी धाप लागणं, छातीत घरघर करणारा खोकला, आणि तोल जाणं किंवा असंबद्ध बोलणं. तोल तपासायला टाचेला पाऊल लावून सरळ रेषेत दहा पावलं चालायला लावतो. गाडीत ऑक्सिजन सिलिंडर असतो, पण तो उतरेपर्यंतचा वेळ काढण्यासाठी, वर थांबून राहण्यासाठी नाही.

११. डायमॉक्स घ्यायची का? कापूर हुंगला तर चालतं म्हणे.

डायमॉक्स म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड. ती शरीराला सरावायला मदत करते, पण घ्यायची की नाही आणि किती, हे तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर त्यांना आवर्जून सांगा. बोटांना मुंग्या येणं, वारंवार लघवी आणि सोडा बेचव लागणं हे तिचे नेहमीचे परिणाम, घाबरू नका. एखादी मात्रा नागपुरातच घेऊन बघा, पहिल्यांदा तंबूत नको. कापराने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, रक्तातला प्राणवायू वाढत नाही. लसणाचंही तेच, जेवणात खुशाल खा.

१२. ऑक्सिमीटरवर ८२ दिसलं तर परत फिरायचं का?

नागपुरात ८२ दिसलं तर दवाखाना गाठायचा. पण साडेचार हजार मीटरवर चांगल्या माणसाचंही ८० ते ८५ असू शकतं. बोटं गार असतील किंवा नेलपॉलिश असेल तर आकडा चुकतो. आम्ही आकड्यापेक्षा माणसाकडे बघतो: जेवतोय का, बोलतोय का, नीट चालतोय का. रोज सकाळ-संध्याकाळ नोंद मात्र ठेवतो. बाकीच्यांचे आकडे सुधारत असताना एकाचाच घसरत असेल, तर ती खूण महत्त्वाची.

१३. बीपीची गोळी चालू आहे. शुगर आहे. दमा आहे. येऊ का?

नियंत्रणात असेल आणि डॉक्टरांनी लेखी दिलं असेल तर या. गोळ्या दुप्पट आणा, अर्ध्या स्वतःजवळ आणि अर्ध्या गाडीत. इन्सुलिन गोठू देऊ नका, रात्री झोपण्याच्या पिशवीत अंगाशी ठेवा. दम्याचा पंप सायकलच्या पिशवीत नको, खिशात हवा. पन्नाशीनंतर हृदयाची ट्रेडमिल चाचणी आम्ही मागतोच. गरोदरपणात आणि हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल तर नाव घेत नाही.

१४. सिकलसेलबद्दल का विचारता? मला तर काही त्रास नाही.

कारण आपण विदर्भातले आहोत. इथे सिकलसेलचं प्रमाण लक्षणीय आहे आणि वाहक असलेल्या अनेकांना ते ठाऊकच नसतं, कारण ३१० मीटरवर त्यांना काही होत नाही. उंचीवर प्राणवायू कमी, त्यात अंगमेहनत आणि पाणी कमी पडलेलं. अशा वेळी वाहकाच्याही पेशी विळ्यासारख्या वाकून प्लीहेचा रक्तपुरवठा अडवू शकतात. डाव्या बरगडीखाली अचानक जोरात दुखू लागतं. रक्ताची तपासणी सोपी आहे, सरकारी रुग्णालयातही होते. आजार असेल तर ही मोहीम नाही. वाहक असाल तर रक्तविकाराच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा आणि आम्हाला सांगा. डोंगरातल्या मोहिमांच्या बहुतेक अर्जांत हा रकाना नसतो, आमच्यात असतो.

१५. विमानाने लेहला जाऊन उलटं मनालीला आलं तर दिवस वाचतील ना?

वाचत नाहीत. नागपूरहून सकाळी निघालेला माणूस त्याच दिवशी ३,५०० मीटरवर उतरतो, म्हणजे पहिले दोन-तीन दिवस नुसतं पडून राहणं आलं. त्यानंतरचा पहिलाच मोठा चढ तांगलांगला, ५,३२८ मीटरचा. मनालीकडून चढत गेलं की शरीर वाटेतच तयार होत जातं.

१६. अटल बोगद्यातून का जात नाही? रोहतांगचा चढ वाचेल.

तो चढ वाचवायचा नाही, म्हणून. ९ किलोमीटरचा हा बोगदा ३ ऑक्टोबर २०२० ला खुला झाला आणि मनाली–लेह अंतर ४६ किलोमीटरने घटलं. आम्हाला मात्र रोहतांग हवी आहे. तिथे ३,९७८ मीटरवर जाऊन रात्री सिस्सूला तीन हजार शंभरच्या आसपास झोपणं, याहून चांगली पहिली तालीम नाही. शिवाय लेहच्या ट्रकांनी बोगद्याची वाट धरल्यापासून खिंडीचा रस्ता पुष्कळ शांत झालाय. पर्यटकांच्या गाड्या असतात, पण त्या वरून परत फिरतात.

१७. जेवायला काय? मी शुद्ध शाकाहारी आहे. आणि माझा मित्र विचारतो, सावजी करता येईल का?

वरण-भात, राजमा, बटाट्याची भाजी, पराठे, थुक्पा, सकाळी दलिया किंवा पोहे. शाकाहारी माणसाची अडचण होत नाही, मांसाहारी माणसाला अंड्यावर भागवावं लागतं. तर्री पोह्यांची तर्री आम्ही पातळ करून देतो, तक्रार करू नये. सावजी नाही! उंचीवर पचन मंदावतं आणि तेल-तिखटाने रात्री जे होतं ते उणे तापमानात तंबूबाहेर जाऊन निस्तरावं लागतं.

पांगला पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून डाळ-तांदूळ कुकरशिवाय शिजत नाहीत. भूक मरते, पण खाणं थांबवायचं नाही. घरून येताना शेंगदाण्याची चिक्की, खजूर, चिवडा आणा. संत्रा बर्फी तर फारच उपयोगी, थंडीत टिकते आणि भूक नसतानाही घशाखाली उतरते. फक्त सगळी दिल्लीच्या आतच संपवू नका.

१८. श्रावण सोमवार आणि एकादशी असते माझी. उपास करून चालवता येईल?

निर्जळी अजिबात नाही. फराळाचा उपास असेल तर उकडलेले बटाटे, खजूर, राजगिऱ्याचे लाडू, दूध यांवर मध्यम दिवस निघतो, आधी सांगा म्हणजे आणून ठेवू. खिंडीच्या दिवशी मात्र पूर्ण जेवण घ्यावं, असा आमचा आग्रह आहे. बरेच जण तो उपास नागपुरात परतल्यावर करतात.

१९. मुक्काम आणि संडासाची सोय कशी? बायका येतात का?

येतात, आणि चढावर टिकण्यात पुरुषांपेक्षा कुठेच मागे नसतात. मनाली, सिस्सू, जिस्पा, लेह इथे खोल्या. बाकी ठिकाणी दोघांत एक तंबू किंवा ढाब्याचा पॅराशूट तंबू, त्यात ओळीने गाद्या. बायकांचा तंबू वेगळा. संडासाचा तंबू आम्ही नेतो, पण रस्त्यात आडोसा शोधावा लागतो आणि पांगपुढच्या मोरे मैदानात तर चाळीसेक किलोमीटर झुडूपही नाही. मोठी ओढणी किंवा पोंचो जवळ ठेवा. पाळी पुढे ढकलायची गोळी घ्यायची असेल तर डॉक्टरांना उंचीवर जाणार असल्याचं जरूर सांगा, कारण काही गोळ्यांनी रक्त गोठण्याचा धोका वाढतो. नाहीतर कप किंवा पॅड वापरून दिवस सहज निघतात. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून गाडीतल्या पिशवीत टाका, तिथे पुरू नका.

२०. थंडी किती? नागपूरचे स्वेटर चालतील?

आपल्या डिसेंबरचे स्वेटर कपाटातच राहू द्या. सप्टेंबरात सरचू-पांगला रात्री पारा शून्याखाली जातो आणि दुपारी उन्हात अंग भाजतं. म्हणून पातळ थरांवर थर: घाम शोषणारा बनियन, फ्लीस, वाऱ्या-पावसाचं जॅकेट, रात्री डाऊन जॅकेट. चढताना कमी घाला, माथ्यावर पोचताच सगळं अंगावर चढवा आणि मगच फोटो काढा.

थंडी चढावर बाधत नाही, उतारावर बाधते. घामाने ओला माणूस तासभर नुसता वाऱ्यात उतरतो, बोटं बधिर होतात आणि ब्रेक दाबले जात नाहीत. पूर्ण बोटांचे जाड हातमोजे हवेतच. उंचीवर अतिनील किरणंही जास्त, तेव्हा चांगला गॉगल, एसपीएफ ५० चं क्रीम आणि ओठांना मलम.

२१. मोबाइल चालेल का? पैसे किती जवळ ठेवू?

बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड करून घ्या. तरीही जिस्पाच्या पुढे लेह जवळ येईपर्यंत नेटवर्कचा भरवसा नाही. घरच्यांना आधीच सांगा की पाच-सहा दिवस फोन आला नाही म्हणजे सगळं ठीक आहे. एटीएमचंही तसंच, केलांगला पैसे काढून घ्या.

२२. परवाने लागतात का?

रोहतांगसाठी मोटारगाडीला परवाना लागतो, तो आम्ही काढतो. मंगळवारी दुरुस्तीसाठी तो रस्ता पर्यटक गाड्यांना बंद असतो, म्हणून आमची गाडी त्या दिवशी वर नसेल असं वेळापत्रक आखतो. लेहहून खारदुंगलाला जायला पूर्वी इनर लाइन परमिट (सीमाभागात जाण्याचा सरकारी परवाना) लागायचं, भारतीयांसाठी ते २०२१ मध्ये बंद झालं. मूळ आधार कार्ड जवळ ठेवा, फोनमधला फोटो पुरत नाही.

२३. रस्त्यावर पाण्याचे नाले लागतात, ते सायकलने कसे पार करायचे?

सकाळी. दिवसा ऊन तापलं की वरचं बर्फ वितळतं आणि दुपारनंतर तोच नाला दुप्पट होतो, म्हणून आम्ही पहाटे निघण्यावर अडून बसतो. घोट्याइतकं पाणी असेल तर हलक्या गियरवर न थांबता चालवत जा. त्याहून जास्त असेल तर उतरा, सायकल प्रवाहाच्या खालच्या अंगाला धरा. बूट काढू नका, गोटे निसरडे आणि धारदार असतात. गुडघ्याच्या वर पाणी असेल तर गाडी येईपर्यंत थांबायचं.

२४. एखादा टप्पा गाडीत बसलो तर मोहीम 'पूर्ण' धरता का?

आम्ही प्रमाणपत्रच देत नाही, त्यामुळे हा प्रश्न तुमचा आणि तुमच्या मित्रमंडळींचा. दम संपला, वारा अंगावर आला, मन लागलं नाही, कारण काहीही असो, गाडीत बसा. दुसऱ्या दिवशी पुन्हा सायकल घ्या. आजारपणामुळे बसलात तर मात्र प्रश्न १० चा नियम लागतो. तिथे गाडीने पुढे जाणं हा उपाय नसतो.

२५. ई-बाइक चालेल का?

इथे नाही. झिंगझिंगबारपासून रुमत्सेपर्यंत चार्जिंगची खात्रीची सोय नाही, थंडीत बॅटरी लवकर उतरते, आणि बॅटरी संपलेली ई-बाइक साध्या सायकलपेक्षा पुष्कळ जड. परतीची अडचण वेगळीच: एवढी मोठी लिथियम बॅटरी प्रवासी विमानात नेऊ देत नाहीत.

२६. माझा मुलगा १६ वर्षांचा आहे, माझ्यापेक्षा जोरात चालवतो. आणि माझे वडील ६४ चे आहेत, तेही विचारतात.

मुलाला १८ पूर्ण होऊ द्या. त्याची ताकद आम्ही नाकारत नाही, पण त्या वयाची मुलं त्रास होतोय हे कबूल करत नाहीत. वडिलांना वरची मर्यादा नाही. प्रश्न १३ मधल्या चाचण्या आणि प्रश्न ५ मधला चिखलदऱ्याचा शनिवार-रविवार पार पडला की त्यांनी खुशाल यावं.

२७. खारदुंगला जगातला सर्वांत उंच रस्ता आहे ना?

माथ्यावरच्या पाटीवर बरीच वर्षं १८,३८० फूट लिहिलेलं होतं आणि फोटोंमुळे तो आकडा घरोघरी पोचला. आधुनिक मोजणीत उंची ५,३५९ मीटर, म्हणजे साडेसतरा हजार फुटांच्या थोडी वर भरते. तांगलांगलापेक्षा जेमतेम तीस मीटर जास्त. लडाखमध्येच उमलिंगलाचा रस्ता १९,००० फुटांच्या वर गेला आहे. तरी लेहहून ४० किलोमीटरमध्ये साधारण १,८०० मीटर चढ एका दमात, हा दिवस पाटीवर काहीही लिहिलं असलं तरी अवघडच.

२८. रस्ता बंद पडला तर? पैसे परत मिळतात का?

जुलै २०२३ मध्ये बियासच्या पुराने कुल्लू–मनाली भागातले रस्ते वाहून गेले होते, असं पुन्हा होऊ शकतं. म्हणून वेळापत्रकात दोन राखीव दिवस असतात आणि परतीचं तिकीट त्यानंतरचंच काढायचं. निघण्याआधी रस्ता बंद झाला तर पुढच्या तुकडीत जागा किंवा खर्च वजा करून पैसे परत. वाटेत बंद झाला तर जिथे असू तिथून मागे फिरतो. गाडी, तंबू, आचारी यांचे पैसे दिलेले असतात, त्यामुळे तेव्हा परतावा नाही. हे नीट कळलं नसेल तर पैसे भरण्याआधी फोन करा, नंतरची भांडणं याच ओळीवरून होतात.

शुल्क दरवर्षी बदलतं, म्हणून इथे आकडा दिलेला नाही. त्यात मनाली ते लेह राहणं, जेवण, गाडी, मेकॅनिक आणि परवाने येतात. रेल्वे-विमान, विमा, सायकलचं भाडं आणि लेहमधली खरेदी तुमची. विम्यात उंचीवरून हलवण्याचा खर्च धरला आहे का, हे वाचून घ्या. पुष्कळ पॉलिसींत एका ठरावीक उंचीच्या वर काहीच मिळत नाही.

२९. परत येताना सायकल कशी आणायची?

दोन वाटा आहेत. एक, आमच्या गाडीतून दिल्लीपर्यंत रस्त्याने, तिथून रेल्वे लगेज, प्रश्न ८ प्रमाणे. वेळ लागतो, पण स्वस्त. दुसरी, लेहहून विमानात. त्यासाठी खोका नागपूरहूनच आणलेला बरा, लेहला मापाचा मिळेलच असं नाही. टायरमधली हवा कमी करा, वजन तिकिटात मिळणाऱ्या मर्यादेबाहेर जाणार हे धरून चाला आणि जादा वजनाचे पैसे आधीच ऑनलाइन भरा, काउंटरवर महाग पडतं. हत्यारं आणि पेडल केबिनच्या बॅगेत ठेवू नका, तपासणीत काढून घेतील. आणि लेहच्या सकाळच्या विमानांचा हवेमुळे भरवसा नसतो, तेव्हा दिल्लीहून नागपूरची गाडी किंवा विमान त्याच दुपारचं घेऊ नका.